ग्रीक अक्षरांचे बंधुत्व

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील महाविद्यालयांचे पहिले सत्र सुरू होते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत, ज्यांचा मुलगा तिकडे पदवीच्या पहिल्या वर्षात शिकत असतो अशा अनेक घरांत एक फोन येतो. वेळ सकाळची असते, कारण तिकडे तेव्हा रात्र झालेली असते. वडील दुकानाला निघण्याच्या घाईत असतात आणि मुलगा सांगतो, ‘पप्पा, मला एका फ्रॅटर्निटीकडून बिड आली आहे.’ ‘बिड’ हा शब्द वडिलांना ठाऊक असतो तो निविदांमधून किंवा बाजार समितीतल्या लिलावातून. मुलाने कसली बोली लावली, किती रुपयांची, हा त्यांचा पहिला प्रश्न. आई फोन हाती घेते आणि विचारते, तिथे जेवायला काय असते? संध्याकाळपर्यंत वडिलांनी तो शब्द मोबाइलवर शोधलेला असतो. शोधाच्या पहिल्या पानावरच एका विद्यार्थ्याच्या मृत्यूची बातमी असते आणि तिच्या खालीच, रक्तदान शिबिरात रांगेने उभ्या असलेल्या हसऱ्या मुलांचे छायाचित्र. दोन्हींच्या मथळ्यात शब्द एकच. मुलाला होकार किंवा नकार शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा असतो.

बिड म्हणजे सभासद होण्याचे निमंत्रण. ते स्वीकारावे की नाकारावे याचे उत्तर अवघड होते, कारण ‘फ्रॅटर्निटी’ या एकाच शब्दाच्या छत्राखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या संस्था नांदतात. शब्द लॅटिन ‘फ्रातेर’पासून आलेला. आपल्या संस्कृत ‘भ्रातृ’चाच तो दूरचा नातलग. मराठीत ‘भाऊबंदकी’ला जो अर्थ चिकटला आहे तो अर्थात इथे अभिप्रेत नाही.

या प्रथेचा आरंभ ५ डिसेंबर १७७६ रोजी झाला. अमेरिकेने स्वातंत्र्याची घोषणा करून जेमतेम पाच महिने लोटले होते. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅप्पा’ नावाचे मंडळ स्थापन केले. तत्त्वज्ञान हे जीवनाचे सुकाणू आहे अशा आशयाच्या ग्रीक वाक्याची ही आद्याक्षरे. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ज्या विषयांवर मोकळेपणाने बोलता येत नसे, त्यांवर वाद करण्यासाठी हे विद्यार्थी एकत्र जमत. त्यामुळे शपथ आली, गुप्तता आली, हस्तांदोलनाची खूण आली, छातीवरचे पदक आले. पुढे या मंडळाने गुप्तता सोडली आणि आज ते केवळ विद्वत्तेचा सन्मान करणारे मंडळ आहे. ज्या घरी त्याचे पत्र येईल त्या घराने काळजी न करता पेढे वाटावेत. पण त्याने सोडून दिलेले गुप्ततेचे वस्त्र इतरांनी उचलले. १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात ‘कॅप्पा अल्फा’ हे मंडळ निघाले आणि तिथून ‘सोशल’ म्हणजे सहवासासाठी असलेल्या फ्रॅटर्निटींचा वंश वाढत गेला. स्वतःचे घर, त्यात एकत्र राहणारे सभासद, दारावर दोन किंवा तीन ग्रीक अक्षरे, असे ज्यांचे चित्र चित्रपटांतून दिसते, त्या या.

दुसरा वंश याहून अगदी वेगळ्या कारणाने सुरू झाला. फ्रँक रीड हॉर्टन हा तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात होता. युद्ध संपल्यावर तो पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी लाफायेट कॉलेजात शिकू लागला आणि फावल्या वेळात बालवीरांच्या चळवळीत काम करू लागला. ज्या मुलांच्या वागण्याकडे पाहून आदर वाटावा अशी कॉलेजातील बहुतेक मुले पूर्वी स्काउट होती, असे त्याच्या ध्यानात आले. १६ डिसेंबर १९२५ रोजी त्याने आणि इतर तेरा विद्यार्थ्यांनी मिळून ‘अल्फा फाय ओमेगा’ स्थापन केली. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही तिची तीन तत्त्वे. या संस्थेला राहण्याचे घर नसते, आणि दुसऱ्या फ्रॅटर्निटीचा सभासदही इथे येऊ शकतो. आज अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांत तिच्या शाखा आहेत.

अशा एखाद्या शाखेचे एक सत्र कसे जाते ते पाहण्यासारखे आहे, कारण व्यापारी घरातल्या माणसाला त्यातले पुष्कळ काही ओळखीचे वाटेल.

पहिले दोन-तीन आठवडे ‘रश’चे. कॉलेजच्या हिरवळीवर टेबले मांडली जातात, अक्षरे छापलेले सदरे घालून जुने सभासद उभे राहतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. दिवाळीच्या तोंडावर बाजारपेठेत गिऱ्हाईक ओढण्यासाठी चालणारी धांदल ज्याने पाहिली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. नव्या मुलांना पत्त्यांच्या खेळाला, टेकडीवरच्या फेरफटक्याला, एखाद्या सकाळी बागेतला कचरा उचलायला बोलावले जाते. यात एक गोष्ट चतुराईची आहे. जो मुलगा केवळ पिझ्झा खाण्यासाठी आला आहे तो कचरा उचलण्याच्या दिवशी उगवत नाही आणि शाखेला निवड करणे सोपे जाते. जैन घरातल्या मुलाची अडचण निराळीच. हेच दिवस बहुधा पर्युषणाच्या आगेमागे येतात आणि ‘रश’चे बहुतेक कार्यक्रम सूर्यास्तानंतर, खाण्यापिण्याभोवती रचलेले असतात. त्या पंधरवड्यात तो गैरहजर राहिला तर त्याला उत्साह नाही असा समज होण्याचा संभव असतो. कारण आधीच सांगून ठेवणे हाच त्यावर उपाय, आणि तो करण्याचा संकोच अठरा वर्षांच्या मुलाला वाटतो हेही खरेच.

त्यानंतर ‘प्लेज’ म्हणजे उमेदवारीचा काळ येतो. साधारण सहा ते आठ आठवडे. एकेकाळी आपल्याकडे मुलाला थेट गादीवर बसवीत नसत; वर्षभर त्याने माल मोजावा, पोती उचलून ठेवावी, मुनीमजींच्या हाताखाली रोजमेळ लिहावा असा शिरस्ता होता. या काळाचे मूळ रूप तेच. उमेदवारांनी संस्थेचा इतिहास शिकायचा, शाखेतल्या प्रत्येकाशी ओळख करून घ्यायची, सर्वांनी मिळून एक सेवाकार्य स्वतः योजून पार पाडायचे, त्याचा खर्च उभा करायचा आणि हिशेब द्यायचा. प्रत्येकाला एक ‘बिग’, म्हणजे मोठा भाऊ, नेमून दिला जातो. त्या मोठ्या भावाचाही कुणी मोठा भाऊ असतो आणि अशी वंशावळ दहा-पंधरा वर्षे मागे नेता येते. मुले ती आवडीने पाठ करतात. घरात पणजोबांचे नाव विचारले तर याच मुलांना आठवत नाही, हा भाग वेगळा.

सेवा चार दिशांनी करायची असा या संस्थेचा जुना संकेत आहे: महाविद्यालयाची, परिसराची व तेथील लहान मुलांची, राष्ट्राची, आणि स्वतःच्या सभासदांची. व्यवहारात याचा अर्थ रेड क्रॉसच्या रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसणे, अन्नपेढीत आलेले डबे तारखेनुसार लावणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या अंगणातली शरद ऋतूतली पाने गोळा करणे, शाळकरी मुलांना गणित शिकविणे. प्रत्येकाने सत्रात किती तास द्यायचे हे शाखा ठरविते आणि त्यांची रीतसर खतावणी ठेवली जाते. तास भरले नाहीत तर सभासदत्वावर गदा येते. मोजून केलेली सेवा ही सेवा कशी, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. तास भरण्यासाठी सत्राच्या शेवटी धावाधाव करणारे सभासद प्रत्येक शाखेत असतात. पण जिथे रोजमेळ लिहिला जात नाही तिथे काय होते हे वाचकांना सांगावयास नको. डिसेंबरात परीक्षा तोंडावर असताना, बर्फात अन्नपेढीपर्यंत जाण्याची पाळी आपली आहे हे ज्या वहीमुळे आठवते ती वही निरुपयोगी म्हणता येणार नाही.

सेवेच्या कामातही आपल्या मुलांना एखादा कठीण क्षण गाठतोच. निधी जमविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मैदानावर हॉट डॉग भाजून विकणे. शेगडीपुढे उभे राहण्याची पाळी जेव्हा आपल्या मुलावर येते तेव्हा काम चांगले आहे, पैसा रुग्णालयाला जाणार आहे आणि हातातला चिमटा मात्र धरवत नाही, अशी त्याची स्थिती होते. पाळी बदलून मागितली तर ती बहुधा मिळते. मागण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्याला आणावे लागते.

१९७६ साली या संस्थेने मुलींनाही प्रवेश दिला. पण नाव फ्रॅटर्निटीच राहिले आणि सभासद मुलींनाही ‘ब्रदर’च म्हणतात. एखाद्या आजोबांनी नातीच्या पत्रात ‘माझे सर्व भाऊ आणि मी’ असे वाचून चष्मा पुसावा, असा हा प्रकार आहे.

हे चित्र जितके खरे तितकेच दुसरेही खरे आहे, आणि ते टाळून या विषयावर लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

पेनसिल्व्हेनियातच पेन स्टेट हे विशाल विद्यापीठ आहे. तिथल्या फ्रॅटर्निटींच्या परिषदेने १९७३ साली निधीसाठी अखंड नृत्याचा एक कार्यक्रम केला. तो दरवर्षी होऊ लागला. १९७७ पासून त्याचा पैसा कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांच्या उपचारासाठी जातो. आता फेब्रुवारीत विद्यार्थी सलग शेहेचाळीस तास, न बसता आणि न झोपता, उभे राहतात. ज्यांच्यासाठी हे चालते ती मुले आपल्या आईवडिलांबरोबर त्या सभागृहात येतात. कुणाच्या डोक्यावर केस नसतात, कुणी वडिलांच्या खांद्यावर बसलेले असते, आणि पाय सुजलेले विद्यार्थी त्यांच्याशी चेंडू खेळत असतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये या एका कार्यक्रमातून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

त्याच फेब्रुवारीत, या कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी, त्याच विद्यापीठातील एका फ्रॅटर्निटीच्या घरी बिड स्वीकारलेल्या नव्या मुलांची पहिली रात्र होती. ते घर नियमाने मद्यमुक्त होते. नव्या मुलांना एकामागून एक ठिकाणी उभे करून थोड्या वेळात भरपूर मद्य पाजण्यात आले. एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी तळघराच्या जिन्यावरून पडला. त्याला उचलून वर आणून कोचावर ठेवले गेले. घरात चाळीसेक मुले नसतील तरी पुष्कळ होती, कॅमेरे चालू होते, आणि मदतीसाठी फोन केला गेला तो जवळजवळ बारा तासांनी. दोन दिवसांनी तो रुग्णालयात मरण पावला. विद्यापीठाने ती शाखा कायमची बंद केली. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्याने त्याच्याच नावाने कठोर कायदा केला.

हे कृत्य करणारे सराईत गुन्हेगार नव्हते. चांगल्या घरांतली, चांगले गुण मिळविणारी, ‘भाऊ’ म्हणविणारी मुले होती. रुग्णवाहिका बोलावली तर शाखा अडचणीत येईल, ही भीती त्यांना वाटली. संस्थेचे नाव जपण्याच्या धडपडीत त्यांनी संस्था ज्यासाठी होती त्या भावालाच जपले नाही. बंधुत्वाला शपथ आणि गुप्तता यांची जोड मिळाली की सर्वांच्या देखत चाललेली गोष्टही कुणालाच थांबविता येत नाही अशी वेळ येते, आणि नवागताला तर ती सर्वांत कमी थांबविता येते. कारण त्याला आत यायचे असते.

या छळाला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. आपण त्याला रॅगिंग म्हणतो आणि महाराष्ट्राने १९९९ मध्येच त्याविरुद्ध कायदा केला आहे, तेव्हा हा रोग परदेशचाच आहे असे समजून नाक मुरडण्याचे कारण नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे असे कायदे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये संपूर्ण देशासाठी एक नवा कायदा झाला. त्यानुसार हेझिंगच्या प्रकरणांत ज्या विद्यार्थी-संस्था दोषी ठरल्या त्यांची नावे आणि काय घडले याचा तपशील महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावयाचा आहे. इकडे बसलेल्या पालकाच्या हाती प्रथमच एक विश्वासार्ह कागद आला आहे. व्यापारात नव्या पेढीला उधारी देण्यापूर्वी बाजारात तिची पत विचारतात. मुलगा सोपविण्यापूर्वी तेवढे तरी करावे.

मद्याबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट. अमेरिकेत एकवीस वर्षांखालील मुलाने मद्य विकत घेणे बेकायदा आहे. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलाला अशा प्रकरणात अटक झाली तर प्रश्न केवळ दंडाचा राहत नाही, पुढे व्हिसाही अडचणीत येऊ शकतो. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या अमेरिकन मित्राला ही टांगती तलवार नसते. म्हणून ‘सगळेच घेतात, काही होत नाही’ असे तो मित्र अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

आता या घरांत ‘आपल्या लोकांच्या’ फ्रॅटर्निटीचीही चौकशी होऊ लागली आहे. तिचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. जुन्या संस्थांची दारे एकेकाळी कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना बंद होती. म्हणून १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ काढली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचे सभासद झाले. भारतीय वंशाच्या मुलांना दारे बंद नव्हती, पण आत गेल्यावर आपले असे काही सापडत नव्हते. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘सिग्मा बीटा ऱ्हो’ आणि १९९८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ या संस्था दक्षिण आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केल्या. त्याच सुमारास मुलींच्या सोरॉरिटीही निघाल्या. तिथे दिवाळी होते, गरबा होतो, शाकाहारी मुलाला आपला आहार पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या ज्या वडीलधाऱ्यांनी जैन बोर्डिंगात राहून शिक्षण पूर्ण केले त्यांना यातली ओढ लगेच कळेल. पण आडनाव ओळखीचे आहे म्हणून धोका नाही असे समजू नये. वंशाच्या नावावर उभ्या राहिलेल्या फ्रॅटर्निटींतही हेझिंगमुळे मुले दगावली आहेत. तिथे तर ‘आपल्याच माणसाची तक्रार कशी करायची’ ही आणखी एक बेडी पायात असते.

राहिला पैशाचा आणि ओळखीचा प्रश्न. वर्गणी प्रत्येक सत्राला भरावी लागते. सेवासंस्थेची बेताची असते, घर असलेल्या संस्थेची भारी, कारण तीत घराचा, विम्याचा आणि मुख्य कार्यालयाचा वाटा असतो. त्या बदल्यात मिळते ती माजी सभासदांची साखळी. नोकरीच्या मुलाखतीला समोर बसलेल्या माणसाच्या टेबलावर तीच ग्रीक अक्षरे दिसली तर बोलणे सोपे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. गावोगावच्या धर्मशाळेत ‘कुठले, कुणाचे?’ या दोन प्रश्नांवर पिढ्यान् पिढ्या सोयरीक आणि सौदे जमविणाऱ्या समाजाने या गोष्टीकडे तिरस्काराने पाहू नये. मात्र केवळ त्या साखळीसाठी मुलाला पाठवायचे असेल तर हेही ध्यानात घ्यावे की तशी साखळी प्रयोगशाळेत, क्रीडासंघात आणि वाचनालयातल्या नोकरीतही जोडता येते आणि तिथे कुणी डोळ्यांवर पट्टी बांधत नाही.

गुरुवारी रात्री घरातून पुन्हा फोन लागतो. शुक्रवारचे पाच म्हणजे इकडे शनिवारच्या पहाटेचे अडीच, तेव्हा बोलायचे ते आत्ताच. वडिलांनी दिवसभर वाचन केलेले असते आणि ते ओरडण्याऐवजी विचारतात. शाखेला घर आहे का, आणि असेल तर रात्री तिथे मोठे कोण असते? उमेदवारीचा काळ किती आठवड्यांचा, त्यात काय करावे लागेल, हे लिहून दिले आहे का? की ‘ते गुपित आहे’ असे सांगितले आहे? कॉलेजच्या त्या यादीत नाव आहे का? मुलगा काहींची उत्तरे देतो, काहींना ‘विचारून सांगतो’ म्हणतो. मग वडील म्हणतात, ‘हे बघ, कुठल्याही क्षणी नको वाटले तर उठून बाहेर यायचे. फी बुडाली तरी चालेल. आणि कुणी पडलेला दिसला तर पहिला फोन तू करायचा, मग तुला काढून टाकले तरी बेहत्तर.’ मुलगा ‘हो’ म्हणतो. आई पलीकडून विचारते, ते हॉट डॉगचे काय झाले?

मुलाने त्याबद्दल शाखेला पत्र लिहिलेले असते. शेगडीवर उभा राहणार नाही, त्याऐवजी नोंदणीच्या टेबलावर दुप्पट तास देईन, चालेल का? उत्तर अजून आलेले नसते. ते आल्यावरच होकार कळवायचा, एवढे ठरते आणि फोन ठेवला जातो.